पदवीचा लघुप्रबंध: विषय ठरवण्यापासून तोंडी परीक्षेपर्यंत

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून लघुप्रबंधाचे विषय मागवले की पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर जे कागद येतात, त्यांतील बहुतेकांवर ‘नाशिक जिल्ह्यातील अमुक : एक अभ्यास’ असेच शीर्षक असते. अमुकच्या जागी कधी द्राक्षबागा असतात, कधी पर्यटन, कधी महिला बचत गट. हे कागद आणणारी मुले-मुली अभ्यासात कमी नसतात. परंतु पहिलीपासून आजवर प्रश्न दुसऱ्या कोणीतरी काढलेला असतो आणि त्यांनी फक्त उत्तर लिहिलेले असते. प्रश्न आपणच काढायचा, त्याचे उत्तर कुठे मिळेल हे आपणच शोधायचे आणि ते उत्तर पुरेसे आहे की नाही हेही आपणच ठरवायचे, अशी वेळ त्यांच्यावर प्रथमच येते. लघुप्रबंधातील जवळजवळ सगळ्या अडचणींचे मूळ इथे असल्यामुळे या लेखाचा मोठा भाग मी प्रश्न नेमका करण्यासाठी दिला आहे.

आधी नियमांविषयी थोडे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो अभ्यासक्रम व श्रेयांक आराखडा जाहीर केला, त्यानुसार चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) संशोधन प्रकल्प करावा लागतो, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांनाच हा मार्ग खुला असतो. तीन वर्षांच्या पदवीत प्रकल्पाचे स्वरूप विषयानुसार बदलते. नाशिकमधील बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे पानांची संख्या, प्रकरणांची मांडणी, अंतर्गत व बाह्य गुण यांचा तपशील आपल्या विभागाकडून लेखी स्वरूपात मिळवावा. मागच्या वर्षीच्या मित्राची प्रत समोर ठेवून काम सुरू करू नये, कारण त्या प्रतीतील चुकाही आपल्या प्रतीत जशाच्या तशा उतरतात.

प्रश्न लहान करणे

‘नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांच्या समस्या’ हा विषय घेऊ. जिल्ह्यात १५ तालुके आहेत. कळवण, सटाण्याकडचा शेतकरी आणि येवल्याकडचा शेतकरी यांचे पाणी वेगळे, जमीन वेगळी, बाजार वेगळा. ‘समस्या’ या शब्दात बियाणे, मजुरी, पाऊस, भाव, निर्यातीचे धोरण असे सगळेच येते. हा विषय घेणारा विद्यार्थी शेवटी सर्वांविषयी थोडे थोडे लिहितो, आणि ते थोडे थोडे वर्तमानपत्रांत आधीच छापून आलेले असते.

आता हाच विषय पायरी पायरीने आवळत नेऊ. कोणती समस्या? भावाची. कोणत्या कांद्याच्या भावाची? पोळ (खरिपाचा) आणि रांगडा (उशिरा खरिपाचा) कांदा फार काळ टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. उन्हाळ (रब्बीचा) कांदा मात्र चाळीत, म्हणजे कांदा साठवण्यासाठी बांधलेल्या हवेशीर शेडमध्ये, काही महिने राखता येतो, म्हणजे ‘कधी विकायचा’ हा निर्णय खऱ्या अर्थाने इथेच घेतला जातो. कोणता शेतकरी हा निर्णय घेऊ शकतो? ज्याच्याकडे स्वतःची चाळ आहे तो. कुठला? निफाड तालुक्यातील एका गावातला, जिथे विद्यार्थ्याचे मामा राहतात आणि जिथे एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. मग प्रश्न असा उभा राहतो: या गावातील स्वतःची चाळ असलेले शेतकरी उन्हाळ कांदा किती दिवस राखून विकतात, आणि तो विकण्याची वेळ कशावरून ठरवतात?

या प्रश्नाला हात घालता येतो. पंचवीस-तीस शेतकऱ्यांशी बोलणे एका सत्रात जमण्यासारखे आहे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील बाजार समित्यांचे दररोजचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट या संकेतस्थळावर पाहता येतात. शेतकऱ्याने सांगितलेली विक्रीची तारीख आणि त्या दिवशीचा भाव शेजारी शेजारी मांडला की तुलना करता येते. आणि एवढ्या लहान प्रश्नातून विचाराला खोल वाट फुटते. समजा, मे महिन्यात भाव क्विंटलला १,२०० रुपये आहे आणि शेतकऱ्याने १०० क्विंटल कांदा चाळीत टाकला. सप्टेंबरपर्यंत सड, मोड आणि वजनातील घट धरून त्यातला ३० टक्के गेला, तर हाती ७० क्विंटल उरतो. मे महिन्यात मिळाले असते तेवढेच पैसे मिळण्यासाठी सप्टेंबरमध्ये भाव सुमारे १,७१५ रुपये हवा. म्हणजे भाव ४०० रुपयांनी वाढला, तरी राखून ठेवणारा शेतकरी तोट्यात आहे. ज्या विद्यार्थ्याने हा हिशोब स्वतः मांडला, त्याला ‘कांदा राखला तर फायदा होतो’ हे ऐकीव वाक्य तपासल्याशिवाय लिहवणार नाही.

प्रश्न योग्य झाला की नाही, हे पाहण्यासाठी मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट विचारतो: उत्तर तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळे येऊ शकते का? ‘बचत गटांमुळे महिलांचा विकास होतो का’ या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. ‘बचत गटाचे कर्ज घेतल्यानंतर कुटुंबातील सावकारी कर्ज कमी झाले का’ याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते, आणि तसे आले तर त्याचे कारण शोधण्यात एक पूर्ण प्रकरण जाईल.

साधने आणि टिपणे

नाशिकमधल्या विद्यार्थ्याने साधनांसाठी पुण्या-मुंबईकडे पाहण्याआधी गावातच फिरावे. १८४० साली सुरू झालेल्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या ग्रंथांचा मोठा संग्रह आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकवरील खंड १८८३ चा आहे, आणि पिके, रस्ते, देवस्थाने, जाती, व्यापार यांविषयी त्यात मिळणारी माहिती आजही उपयोगी पडते. मात्र ती ब्रिटिश प्रशासनाच्या गरजेतून गोळा झालेली आहे, हे लक्षात ठेवून तिचा आधार घ्यावा. नाण्यांवर काम करणाऱ्यासाठी अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. देशातील पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, आणि आपल्या विषयाजवळचा एखादा प्रबंध मिळाला तर सर्वांत आधी त्याची संदर्भसूची वाचावी, कारण पुढच्या दोन महिन्यांचे वाचन तिथेच मिळते.

मूळ साधन आणि त्याविषयी नंतर लिहिलेले साधन यांतील फरक विद्यार्थ्यांना व्याख्येने कळत नाही, कामाने कळतो. काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्या आठवड्यातील वर्तमानपत्र हे मूळ साधन, आणि त्यानंतर पन्नास वर्षांनी लिहिलेला ग्रंथ हे दुय्यम. त्या काळातील दोन वर्तमानपत्रे शेजारी ठेवून एकाच दिवसाचे वृत्त वाचले, तर एकात आलेली गोष्ट दुसऱ्यात का आली नाही, या प्रश्नातूनच इतिहासाच्या विद्यार्थ्याचे एक प्रकरण उभे राहू शकते.

आठवणी हेही साधन आहे, पण त्यांना मोजपट्टी लावावी लागते. गोदावरीच्या पुरावर काम करणारी भूगोलाची विद्यार्थिनी पंचवटीत जाऊन ‘१९ सप्टेंबर २००८ ला पाणी कुठवर आले होते’ असे विचारते, तेव्हा बहुतेकांचे उत्तर गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या आधाराने येते: कमरेपर्यंत, छातीपर्यंत, डोक्यावरून. नाशिककर पिढ्यानपिढ्या पूर असाच मोजत आले आहेत, आणि या उत्तरांना कमी लेखण्याचे कारण नाही. तिने मूर्तीची उंची आणि घाटाच्या पायऱ्या मोजाव्यात, ज्या दुकानदाराने भिंतीवर पुराची खूण जपली आहे तिथे जमिनीपासूनचे अंतर टेपने घ्यावे, आणि मग ‘छातीपर्यंत’ या शब्दाशेजारी मीटरमधला आकडा लिहावा. शब्द काढून टाकू नये. आकडा आणि शब्द दोन्ही प्रबंधात हवेत.

टिपणे काढण्याची माझी पद्धत साधी आहे. वहीच्या डाव्या पानावर ग्रंथाचे नाव, वर्ष, पान क्रमांक आणि अवतरणचिन्हांत मूळ मजकूर लिहावा. उजव्या पानावर त्याविषयी स्वतःच्या मनात आलेले. या दोन गोष्टी एकाच पानावर मिसळल्या की तीन महिन्यांनी कोणते वाक्य आपले आणि कोणते दुसऱ्याचे, हे स्वतःलाच सांगता येत नाही. पान क्रमांक तर त्याच क्षणी लिहावा. तो ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेला विद्यार्थी छपाईच्या आदल्या दिवशी वाचनालयाच्या दारात उभा असतो.

लोकांना प्रश्न विचारताना

सर्वेक्षण म्हणजे गूगल फॉर्म तयार करून तो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे, असा समज अलीकडे पक्का होत चालला आहे, आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते. त्या गटात आपल्याच वयाची, आपल्यासारखीच मुले असतात. त्यांच्या उत्तरांवरून ‘नाशिक शहरातील ग्राहकांची मते’ सांगता येत नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १४ लाखांहून अधिक होती. गटावरचे ८० जण त्या लोकसंख्येचे प्रतिनिधी कसे, याचे उत्तर देता येत नसेल तर शीर्षक बदलावे आणि ज्यांना विचारले त्यांच्यापुरतेच बोलावे.

नमुन्याचा आकार ठरवण्याचे सूत्रही असेच न समजता वापरले जाते. एकूण संख्या ४०० असेल आणि पाच टक्के चूक चालणार असेल, तर यामानेंच्या सूत्राने २०० जणांचा नमुना लागतो. हे गणित बरोबर आहे, परंतु ते ४०० जणांच्या यादीतून यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या काढाव्यात तशी, निवड केली असेल तरच लागू पडते. ओळखीच्या घरी जाऊन भेटतील त्यांना विचारले असेल, तर सूत्र लिहिल्याने नमुना भक्कम होत नाही. तेव्हा ‘सोयीनुसार निवड केली’ असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही; परीक्षकाला खटकते ती लपवाछपवी.

प्रश्नांची भाषा समोरच्या माणसाची असावी. ‘साठवणुकीच्या पायाभूत सुविधा आपणास पुरेशा वाटतात का?’ असे विचारले की प्रत्येक जण ‘नाही’ म्हणतो आणि हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी, ‘यंदा चाळीत किती टाकला? कधी टाकला? पहिली गाडी कधी काढली? निवडताना किती खराब निघाला? त्या दिवशी काढायचे कोणाच्या सांगण्यावरून ठरले?’ असे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला ‘मुलीची फी भरायची होती’ असे उत्तर आले, की भावाच्या तक्त्यांत न दिसणारी गोष्ट आपल्या वहीत येते. आधी चार-पाच जणांना विचारून प्रश्नावली सुधारावी. माहिती कशासाठी हवी आहे हे प्रथम सांगावे, संमती घ्यावी आणि प्रबंधात नाव न देता ‘शेतकरी क्र. ७’ असा उल्लेख करावा. बोलणे झाले की घरी येऊन त्याच रात्री टिपण पूर्ण करावे, कारण दुसऱ्या दिवशी तपशील निसटू लागतो.

मार्गदर्शकांशी व्यवहार

एकेका मार्गदर्शकाकडे अनेक विद्यार्थी असतात, तासही असतात, परीक्षेची कामेही असतात. ‘सर, दुसरे प्रकरण झाले, बघता का?’ असे म्हणून चाळीस पाने हाती दिली तर ती पडून राहण्याची शक्यता अधिक. ‘मॅडम, पान चौदावर मी घट काढली आहे; ती चाळीत टाकलेल्या वजनावर काढायची की निवडलेल्या कांद्याच्या वजनावर, एवढे सांगाल का?’ या प्रश्नाचे उत्तर जिन्यात उभ्या उभ्याही मिळते. प्रत्येक भेटीला एक पान लिहून न्यावे, भेटीनंतर काय ठरले ते चार ओळींत तारखेसह लिहून त्यांना पाठवावे. मतभेद झाल्यास आपले म्हणणे पुराव्यासह मांडावे, आणि तरीही मत न पटल्यास, दुसरा अर्थ कसा लागू शकतो हे प्रबंधातच नोंदवण्याची परवानगी मागावी. बहुतेक मार्गदर्शक ती आनंदाने देतात.

लिहायला बसणे

‘सगळे वाचून झाले की लिहीन’ हे वाक्य मी जितक्या विद्यार्थ्यांकडून ऐकले, त्यांतील फार थोड्यांनी वेळेत काम दिले. वाचन कधीच संपत नाही. दुसऱ्या महिन्यापासून लिहायला बसावे आणि सुरुवात संशोधन पद्धतीच्या प्रकरणापासून करावी, कारण तिथे आपण काय केले, कुठे गेलो, कोणाला विचारले एवढेच सांगायचे असते. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी. ती आधी लिहिणाऱ्याची पहिली ओळ ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ अशी होते, मग राज्य, मग जिल्हा, आणि आपल्या गावापर्यंत यायला अकरा पाने जातात. त्या जागी असे लिहून पाहावे: ‘या गावातील २७ चाळधारक शेतकऱ्यांपैकी १९ जणांनी उन्हाळ कांदा भाव वाढण्याची वाट न पाहता विकला. त्यांनी तो का विकला, हे या प्रबंधात पाहिले आहे.’ हे आकडे उदाहरणादाखल आहेत, परंतु वाचणाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात कळते की या विद्यार्थ्याने काहीतरी पाहिले आहे.

‘सदर संशोधनामध्ये संशोधकाद्वारे माहितीचे संकलन करण्यात आलेले आहे’ अशी वाक्ये भारदस्त वाटतात म्हणून लिहिली जातात. ‘जानेवारीत तीन रविवारी गावात जाऊन माहिती घेतली’ हे वाक्य अधिक सांगते आणि तितकेच शास्त्रीय आहे. प्रथमपुरुष चालेल की नाही, हे विभागाला विचारावे. पण वाक्यात क्रिया कोणी, केव्हा, कुठे केली हे असायलाच हवे.

वेळेचा प्रश्न खरा आहे. सिन्नर, दिंडोरी, इगतपुरीहून एसटीने ये-जा करणारी मुले, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करून शिकणारी मुले मी पाहतो, आणि त्यांना ‘रोज चार तास द्या’ असे सांगणे अन्यायाचे होईल. त्यांना मी रोज ठरलेला एक तास आणि २०० शब्द मागतो. साठ दिवसांत १२,००० शब्दांचा कच्चा खर्डा होतो, आणि पदवीच्या पातळीवर तेवढा खर्डा हाताशी असला की पुढचे काम कापण्याचे आणि सुधारण्याचे उरते. घरी जागा नसेल तर अभ्यासिकेतली एक खुर्ची ठरवून घ्यावी आणि उठण्यापूर्वी उद्याचे पहिले वाक्य लिहून ठेवावे.

मध्यावर बहुतेकांचा धीर सुटतो. माहिती गोळा झालेली असते आणि तिच्यातून काही निघत नाही असे वाटते. अशा वेळी नवीन वाचन सुरू करू नये. जमलेली माहिती एका मोठ्या कागदावर तक्त्यात मांडावी आणि तक्त्यात न बसणारे दोन-तीन जण शोधावेत. सगळ्यांनी जूनमध्ये विकला आणि एकाने ऑक्टोबरपर्यंत राखला, तर त्या एकाकडे पुन्हा जावे. माझ्या अनुभवात चांगली प्रकरणे बहुधा अशा दुसऱ्या भेटीतून आली आहेत.

दुसऱ्याचे शब्द

वाङ्मयचौर्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. त्यांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले असून, संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य मोजणीतून वगळले आहे. परंतु टक्केवारीच्या खाली राहणे हे ध्येय धरू नये. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून तो आपला म्हणून दिला, तर सॉफ्टवेअर कदाचित पकडणार नाही. तरीही ती चोरीच असते, आणि तोंडी परीक्षेत त्या परिच्छेदावर दोन प्रश्न विचारले की ती उघडी पडते. एआयच्या साधनांकडून मिळालेले संदर्भ तर विशेष तपासावेत, कारण ती साधने अस्तित्वात नसलेले लेख खऱ्यासारख्या नावांनी सांगतात. जो संदर्भ स्वतः उघडून पाहिला नाही, तो सूचीत घालू नये.

छपाई आणि तोंडी परीक्षा

मराठीत लिहिणाऱ्याने पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टंकन करावे. माझा स्वतःचा प्रबंध मी जुन्या फॉन्टमध्ये टंकून घेतला होता; छपाईच्या दुकानातील संगणकावर तो फॉन्ट नव्हता, आणि दीडशे पानांच्या जागी निरर्थक चिन्हांच्या ओळी पडद्यावर आल्या. त्या रात्री मी आणि माझा भाऊ पहाटेपर्यंत जोडाक्षरे दुरुस्त करत बसलो होतो. म्हणून छपाईला नेहमी पीडीएफ न्यावी, फाइलची एक प्रत स्वतःच्या ई-मेलवर दर आठवड्याला पाठवावी, आणि ब्लॅक बुकच्या, म्हणजे प्रबंधाच्या पुठ्ठाबांधणीच्या अंतिम प्रतीच्या, बाइंडिंगसाठी किमान चार दिवस हाताशी ठेवावेत. प्रमाणपत्रावरील सह्या बाइंडिंगच्या आधी घ्यायच्या की नंतर, हे विभागात विचारून घ्यावे.

तोंडी परीक्षेला आपली प्रत घेऊन जावे आणि तक्त्यांच्या पानांना चिठ्ठ्या लावाव्यात. ‘हेच गाव का निवडले?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘माझे मामा तिथे राहतात, त्यामुळे लोक मोकळेपणाने बोलले, पण त्यामुळेच त्यांच्या ओळखीतल्यांची संख्या नमुन्यात जास्त आहे’ हे उत्तर कोणत्याही पाठ केलेल्या उत्तरापेक्षा चांगले आहे. जे माहीत नाही तिथे तसे सांगावे आणि ते शोधायचे झाल्यास काय कराल, तेही सांगावे.

निकाल लागल्यावर एक काम उरते. ज्यांनी चाळीच्या सावलीत बसवून तुम्हाला आपला हिशोब सांगितला, त्यांच्यासाठी निष्कर्षांचे एक पान साध्या मराठीत लिहावे, ठळक अक्षरांत छापावे आणि एका रविवारी गावात नेऊन त्यांच्या हाती द्यावे.